पत्ता शेवटाकडून वाचायला शिकवणारा वर्ग

नागपूरच्या धरमपेठेतील एका संगणक प्रशिक्षण केंद्राने मे महिन्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी फसवे ई-मेल ओळखण्याचा दोन दिवसांचा वर्ग घेतला. रोज दोन तास आणि शुल्क 300 रुपये. माझ्या वडिलांसोबत मीही बसले, कारण गेल्या वर्षी प्राप्तिकराचा परतावा मंजूर झाल्याचा मेल आल्यावर त्यांनी त्यातील लिंक उघडून खाते क्रमांक भरला होता आणि कार्डाचा पिन विचारला गेला तेव्हा कुठे मला हाक मारली होती. पैसे वाचले, पण बाबांनी त्या दिवसापासून मेल उघडणेच सोडले. भीतीने सगळेच मेल बंद करणे हाही मला तोटाच वाटतो, आणि या वर्गाने खोटा मेल टाळण्याइतकेच खरा मेल ओळखण्याला महत्त्व दिले, म्हणून मी त्याची शिफारस करते.

शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच तासाला पडद्यावर दोन मेल शेजारी शेजारी ठेवून खरा कोणता, एवढेच विचारले. दोन्हींवर अशोकस्तंभ होता. एकाची इंग्रजी अधिक सफाईदार होती, म्हणून बहुतेकांनी त्याच्याकडे बोट दाखवले आणि नेमका तोच बनावट निघाला. भाषेच्या चुकांवरून फसवा मेल ओळखण्याची जुनी खूण आता भरवशाची राहिलेली नाही, हे इतक्या थेटपणे क्वचितच कोणी समजावते.

त्यानंतरचा अर्धा तास मात्र माझ्या मते संपूर्ण शुल्काच्या मोलाचा होता. पाकिटावरचा पत्ता टपाल खाते खालून वाचते, आधी 440 ने सुरू होणारा पिनकोड, मग वस्ती, मग घर. मेलमधील ‘ॲट’नंतरचा भागही तसाच शेवटाकडून वाचावा, असे त्या म्हणाल्या. बनावट मेलचा पत्ता ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट करपरतावा डॉट कॉम’ असा होता. सुरुवातीला सरकारी नाव पूर्ण आलेले असले तरी मालकी ठरते ती शेवटच्या ‘करपरतावा डॉट कॉम’वरून, आणि असे नाव कोणीही विकत घेऊ शकतो, ‘गव्ह डॉट इन’ने संपणारे नाव मात्र सरकारी संस्थांनाच मिळते. शेजारच्या काकूंनी ‘को डॉट इन’चे काय, असे विचारले, तेव्हा ते कोणालाही मिळते, म्हणून त्याच्या आधीचा शब्द अक्षर न् अक्षर तपासावा, असे उत्तर मिळाले. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की ‘एम’सारखे दिसतात, हे त्यांनी अक्षरे मोठी करून दाखवले. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली येण्यास सांगितले होते, ही माहितीही अनेकांना नवीन होती.

खरेपणाची शहानिशा कशी करावी, हा भागही उपयुक्त होता. प्राप्तिकर विभागाच्या नोटिसा, आदेश आणि पत्रांवर ऑक्टोबर 2019 पासून ‘डिन’ हा ओळख क्रमांक दिला जातो आणि तो विभागाच्या पोर्टलवर लॉग-इन न करताही पडताळता येतो. अट एवढीच की, पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करावा, मेलमधील लिंकवरून जाऊ नये.

काही उणिवा स्पष्टपणे सांगायला हव्यात. सारे प्रात्यक्षिक संगणकावर झाले, प्रत्यक्षात समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात फक्त मोबाईल होता. मोबाईलवरील जीमेलमध्ये आधी पाठवणाऱ्याचे केवळ नाव दिसते आणि नाव काहीही ठेवता येते. त्याखालच्या बाणाला स्पर्श केला तरच पूर्ण पत्ता उघडतो, आणि लिंकवर बोट दाबून धरले की ती कुठे नेणार हे कळते. या दोन गोष्टी शिकवल्याच गेल्या नाहीत. कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे संकेतस्थळ विश्वासू, हे विधान तर चुकीचेच होते. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेत कोणी माहिती वाचू शकत नाही, आणि भामट्याच्या संकेतस्थळालाही ते सहज मिळते. पैसे गेलेच तर तत्काळ 1930 वर फोन करावा, हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकला, तोही कूलरच्या आवाजात मागच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे गुडघेदुखी असलेल्यांनी लक्षात घ्यावे.

घरी आल्यावर बाबांनी वर्षभराचे न उघडलेले मेल काढले आणि प्रत्येक पत्त्याच्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून ते मागे मागे वाचत गेले. त्यांत ‘गव्ह डॉट इन’चा एक मेल होता: बँक खाते पोर्टलवर प्रमाणित न केल्यामुळे त्यांचा परतावा जमा होऊ शकला नव्हता. त्यांनी स्वतः पत्ता टाइप करून पोर्टल उघडले, खाते प्रमाणित केले आणि परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती नोंदवली.