‘चारही राउंडची फी एकदम भरा, सवलत घ्या’: ड्रिफ्ट स्पर्धेतला हा सापळा ओळखा

ड्रिफ्टिंगची, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवत वळणं घेण्याच्या खेळाची, ‘राष्ट्रीय अजिंक्यपद मालिका’ जाहीर होते, चार शहरांचं वेळापत्रक फिरू लागतं आणि खाली ठळक अक्षरांत असतं: पूर्ण हंगामाची फी आत्ता भरली तर सवलत. अशाच एका मालिकेत महाराष्ट्रातल्या काही टीमचे पैसे बुडाले. आयोजकाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. नाव आणि लोगो बदलून तोच खेळ पुन्हा मांडता येतो, त्यामुळे पद्धत कळलेली बरी.

पहिला राउंड झकास होतो. गर्दी, ड्रोनचं शूटिंग, विजेत्यांच्या हातात थर्माकोलचा भलामोठा चेक. खरा चेक ‘अकाउंट्सचं काम झालं की’ मिळणार असतो. दुसरा राउंड पावसाचं कारण देऊन पुढे जातो, मग जागा बदलते, मग ‘दोन आणि तीन एकत्र’ घेऊ म्हणतात. तोवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय झालेली असते. हिशेब भिशीसारखा चालतो: चौथ्या राउंडच्या फीतून पहिल्या राउंडचा खर्च भागवलेला असतो. नवे स्पर्धक यायचे थांबले की मालिका संपते. सुरुवातीपासून फसवायचंच ठरलेलं असतं असंही नाही. काही जण निव्वळ हौसेने उतरतात आणि खड्ड्यात जातात. पैसे बुडालेल्या टीमला त्याने काय फरक पडणार!

पहिली तपासणी ‘राष्ट्रीय’ या शब्दाचीच करा. भारतात चारचाकी मोटरस्पोर्टची मान्यता एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया) देते. राष्ट्रीय अजिंक्यपद हा किताबही तिचाच. कोणीही उठून तो पोस्टरवर छापू शकत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेची नियमपुस्तिका असते आणि तिच्यात परमिट क्रमांक, स्ट्युअर्ड (पंच), क्लार्क ऑफ द कोर्स (स्पर्धा चालवणारा अधिकारी), मुख्य स्क्रूटिनिअर (गाड्या तपासणारा) आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी यांची नावं असतात. ‘परमिट प्रोसेसमध्ये आहे’ या उत्तरावर एक रुपयाही देऊ नका. एफएमएससीआयकडे तारखेसकट थेट विचारणा करा. विनापरमिट स्पर्धेत उतरलात तर तुमच्या स्पर्धक लायसन्सवर कारवाई होऊ शकते, हे वेगळंच. आणि जागा सार्वजनिक असली, राज्य शासनाची लेखी परवानगी नसली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 189 भाग घेणाऱ्यालाही लागतं: पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नेहमीच्या वाहन विम्यातून रेसिंग वगळलेलं असतं. बॅरिअरवर आदळलेल्या गाडीचा क्लेम विसरा.

दुसरी गोष्ट, जागा. मैदानाच्या किंवा धावपट्टीच्या मालकाला स्वतः फोन करून बुकिंग आणि अनामत पोहोचली का ते विचारा. आयोजकाचा खरा खर्च इथेच असतो: जागाभाडं, बॅरिअर, रुग्णवाहिका, अग्निशमन, मार्शल, प्रेक्षकांचा विमा. प्रवेश फीतून हे सगळं क्वचितच निघतं, त्यामुळे प्रायोजक कोण आणि त्याच्याशी लेखी करार आहे का, हे विचारायला लाजू नका. पोस्टरवरचा टायर कंपनीचा लोगो म्हणजे करार नव्हे. आयोजकाने कंपनीच्या डीलरकडून चार टायर उधार आणले असतील, तेवढ्यावर लोगो चढतो.

मालिकेत भांडणं सगळीकडेच होतात. जपानच्या डी-वन या ड्रिफ्ट मालिकेची पहिली स्पर्धा 2000 मध्ये एबिसू सर्किटवर झाली. ती उभी करणारे केइची त्सुचिया आणि दाइजिरो इनादा 2010 च्या अखेरीस बाहेर पडले, तरी मालिका चालू राहिली. आपल्याकडची बुडालेली मालिका एका माणसाच्या फोनवर आणि एका यूपीआय आयडीवर उभी होती.

म्हणून फी राउंडगणिक भरा, आयोजक संस्थेच्या चालू खात्यात भरा आणि परताव्याच्या अटी लिहिलेली पावती घ्या. बक्षिसाची रक्कम नियमपुस्तिकेत छापलेली हवी. पुढे तीच पुरावा ठरते. चेक मिळाला तर तीन महिन्यांच्या आत बँकेत टाका. अपुऱ्या रकमेमुळे परत आला, तर बँकेने कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस पोहोचल्यावर समोरच्याला 15 दिवस मिळतात, त्यानंतर एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली तक्रार. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणत बरेच आयोजक नेमके हे 30 दिवस खाऊन टाकतात. ऑनलाइन पैसे भरल्यावर आयोजकच गायब झाला तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

मालिका बुडाली की दुसरा बाजार सुरू होतो: ‘चॅम्पियनशिप कार’ विकणे आहे. इथली फसवणूक जास्त महागात पडते.

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा आतला नळ्यांचा पिंजरा, आधी बघा. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमानुसार मुख्य हूपला (सीटमागच्या कमानीला) कोल्ड-ड्रॉन सीमलेस नळी लागते, 45 मिमी व्यास आणि 2.5 मिमी जाडी, किंवा 50 बाय 2. आपल्याकडे रंगाखाली शिवणवाला पाण्याचा पाइप निघतो. बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजता येतो. जाडीसाठी अल्ट्रासॉनिक गेज मागवा किंवा तपासणीसाठी छोटं भोक पाडू द्या म्हणा. सीट आणि हार्नेसवरचं (रेसिंगच्या सीटबेल्टवरचं) एफआयए लेबल वाचा. 8855-1999 या एफआयए मानकाची सीट उत्पादनापासून पाच वर्षांनी, मुदत वाढवून घेतलेली नसेल तर, बाद होते.

बीएमडब्ल्यू ई46 असेल तर मागचा कार्पेट उचलायला लावा आणि गाडीखालीही जा. मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या सबफ्रेमच्या माउंटिंगभोवतीचा पत्रा फाटतो. अंडरकोटिंगचा ताजा थर तिथेच दिसला तर काहीतरी झाकलंय. सहा सिलिंडरच्या एम54 इंजिनात सतत वरच्या आरपीएमवर ऑइल पंपाचं नट सैल होतं, आणि प्रेशर गेलं की बेअरिंगं जातात. संप (इंजिनखालची तेलाची टाकी) खोलून नट वायरने बांधलंय का, ते पाहा.

‘एलएसडी बसवलंय’ या दाव्याची परीक्षा सोपी आहे. एलएसडी म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना एकत्र ताकद देणारा खास डिफरन्शियल (डिफ). दोन्ही मागची चाकं जॅकवर, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर बहुधा साधा डिफ. एकाच दिशेने फिरलं तर एक चाक धरून ठेवा आणि दुसरं टॉर्क रेंचने वळवा: क्लच-प्लेटचं एलएसडी ठरावीक जोराला सुटतं, वेल्ड केलेला डिफ अजिबात सुटत नाही. वेल्ड डिफवर ड्रिफ्ट होतोच, पण त्याची किंमत वेल्डरच्या मजुरीएवढी, एलएसडीची नव्हे.

शेवटी आरसी. इंजिन बदललेलं असेल आणि आरटीओत नोंद नसेल, तर ती गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. ट्रेलरचं भाडं धरूनच भाव ठरवा.