आठ महिन्यांनंतर: प्रोजेक्टर बरा आहे, पण पहिला सूर कोण गिळत होतं?

काल रात्री प्रोजेक्टर आणि बाहेरचा स्पीकर यांच्यामधली केबल मुद्दाम काढली, स्पीकर ब्लूटूथने जोडला आणि खात्री करून घेतली. शांततेनंतरचा पहिला सूर अजूनही गिळला जातो. म्हणजे मला भास होत नव्हता, मी फक्त भलत्याच आरोपीला धरून ठेवलं होतं. त्यामुळे जानेवारीच्या रिव्ह्यूत रागाच्या भरात या प्रोजेक्टरला दिलेले दोनच स्टार मागे घेतो. पाच मात्र देणार नाही. का ते पुढे येईलच.

मॉडेल म्हणजे दिवाळीच्या सेलमधला तो पांढरा डबा. मला ८,४९९ ला पडला. खोक्यावरचे लुमेन, म्हणजे उजेडाचे आकडे, वाचून कोणी हुरळून जाऊ नका. ‘फोर-के सपोर्ट’ म्हणजे फोर-के फाइल तो घेतो, दाखवतो त्याहून बरंच कमी बारकाव्याचं ७२०पीच. मला त्याचं दुःख नाही. मी जे बघतो ते माझ्या जन्माआधीचं, बहुतेक चौकोनी आणि काळं-पांढरं.

आम्ही नऊ जण आहोत. दर शनिवारी रात्री साडेनऊला आपापल्या घरी एकच जुना रहस्यपट एकाच वेळी लावायचा आणि फोनवर ग्रुप कॉल चालू ठेवायचा. मी भुसावळला, दोघं जळगावचे, अमळनेरचे आबा, धुळ्याचा जिभाऊ, नंदुरबारच्या संगीत शिकवणाऱ्या मॅडम, आणि तिघं पोटापाण्यासाठी पुण्याला गेलेले. ‘एक, दोन, साडेमाडे तीन’ म्हटलं की सगळ्यांनी बटण दाबायचं. तरी कोणीतरी अर्धा सेकंद पुढे असतोच, आणि तो आधी दचकला की बाकीच्यांना कळतं, आता मुडदा पडणार. आबा कायम पुढे असायचे, म्हणून ठराव करून त्यांना ‘चार’वर दाबायला लावलंय. खुनी ओळखला तरी बोलायचं नाही. नाव चिठ्ठीवर लिहून डब्याखाली ठेवायचं. ज्याच्या चिठ्ठ्या सगळ्यात जास्त चुकतील त्याने भेटीच्या दिवशी सगळ्यांना शेवभाजी घालायची. सध्या ते कर्ज माझ्या डोक्यावर आहे, आणि त्याला कारण हा आवाजच, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

झालं असं की डिसेंबरात ‘ड्रेस्ड टु किल’ लावला, १९४६ चा, शेरलॉक होम्स साकारणाऱ्या बॅसिल रॅथबोनचा शेवटचा होम्सपट. त्यात डार्टमूरच्या तुरुंगात बनवलेल्या तीन संगीतपेट्या आहेत. धून वरवर एकच, पण सुरांत किंचित फरक, आणि त्या फरकात बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा छापायच्या चोरलेल्या पाट्यांचा पत्ता. (ऐंशी वर्षं झाली, आता रहस्य फोडलं म्हणून ओरडू नका.) मी पेन्सिल घेऊन बसलो होतो. मॅडम तिकडे सरगम लिहीत होत्या. पेटी उघडायच्या आधी क्षणभर शांतता, आणि माझ्याकडे धून सुरू व्हायची ती थेट दुसऱ्या सुरापासून. तिन्ही वेळा तेच. शेवटी वह्या ताडून पाहिल्या तर मॅडम म्हणाल्या, “अहो भाऊ, तुमचा सा कुठे गेला?”

एकदा लक्षात आलं की मग तेच ऐकू येतं. दार उघडल्याची कर्रर्र नाही, नुसतं ‘र्र’. ‘होम्स’ऐवजी ‘म्स’. गाण्यांच्या पिक्चरला हे कधी कळणारही नाही, कारण तिथे मागे काही ना काही वाजतच असतं. रहस्यपटात आधी शांतता असते आणि जे महत्त्वाचं ते शांततेनंतर येतं. म्हणून चित्रापेक्षा मी या अर्ध्या सेकंदावर जास्त भांडलो. घरचे म्हणतात, अर्ध्या सेकंदासाठी अर्धा हिवाळा घालवला.

वॉरंटी होती म्हणून जळगावच्या सर्व्हिस सेंटरला एसटीने दोन खेपा केल्या. पोराने ढोल-ताशाचं गाणं लावलं आणि म्हणाला, “काका, आवाज तर फाडतोय की!” मी म्हटलं, अरे बाबा, आधी दहा सेकंद गप्प राहील असं काहीतरी लाव. त्याच्याकडे तसलं काही नव्हतं. तीन आठवडे मशीन ठेवून घेतलं आणि ‘दोष आढळला नाही’ असा कागद हातात दिला. परत आलं तेव्हा रिमोटचं मागचं झाकण गायब. विचारलं तर म्हणे, आणलं होतं का तुम्ही? सेल आजही सेलोटेपने चिकटवलेले आहेत. एक स्टार तिथे कायमचा गेला. त्याच रात्री मी दोन स्टारवाला रिव्ह्यू टाकला होता.

आता कबुलीजबाब.

आबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेत. मार्चमध्ये आम्ही ‘टेरर बाय नाइट’ लावला. तोही १९४६ चाच, तासाभराचा, जवळजवळ सगळा लंडनहून एडिंबरोला निघालेल्या गाडीत घडणारा. हिरा कोणी चोरला याकडे आबांचं लक्षच नव्हतं. गाडी बाहेरून दाखवली की ते ओरडायचे, “इंजिन बदललं! आता डबेही बदलले!” खरंच तसं आहे. जिथून मिळाली तिथून गाड्यांची दृश्यं आणून जोडलेली दिसतात. सिनेमा संपल्यावर मी नेहमीचं रडगाणं सुरू केलं, तर आबा म्हणाले, “लाइनमध्ये फॉल्ट असला की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलायचो. तू काय काय बदलून पाहिलं?”

काहीच नाही. मी फक्त भांडलो होतो.

मग कॉल चालू ठेवूनच तपास केला. प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर लावला, सा हजर. मोबाइलला तोच ब्लूटूथ स्पीकर जोडला, सा गायब! प्रोजेक्टर नव्हताच मध्ये, तरी गायब. मग दुसऱ्या दिवशी बाजारातून सत्तर रुपयांची ऑक्स केबल, म्हणजे आवाजाची साधी वायर, आणली, प्रोजेक्टर ते स्पीकर लावली, सा परत हजर. शांतता झाली की बॅटरी वाचवायला ब्लूटूथची बाजू झोपी जाते आणि आवाज आल्यावर डोळे चोळत उठते, तोवर पहिला सूर निघून गेलेला. स्पीकर मुलाने घेऊन दिलेला, चांगला महागाचा, म्हणून त्याच्यावर संशयच घेतला नाही. जिभाऊने निकाल दिला, “मशीन बरोबर शे भाऊ, तुना कान तपासी ले.” कान बरोबरच होते. पण एसटीचं भाडं, रिक्षा आणि दोनदा बाहेरचा चहा-नाश्ता धरला तर त्यात आठ केबली आल्या असत्या.

मग तुम्ही विचाराल, मशीनचाच स्पीकर का नाही वापरायचा? कारण तो पंख्याच्या शेजारी आहे. कुजबुजीचा प्रसंग आला की पिठाच्या गिरणीत बसून हेरगिरी केल्यासारखं वाटतं. हा दोष मात्र मशीनचाच.

उन्हाळ्यात गच्चीवर भिंतीवर लावायचो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि रात्री साडेनऊलाही भिंतीला हात लावला तर गरम लागतो. ‘इत्तेफाक’ (१९६९) बघताना चाळिसाव्या मिनिटाला मशीन तापून बंद पडलं. त्या सिनेमात एकही गाणं नाही, म्हणजे हक्काची विश्रांतीही नाही, आणि बाकीचे आठ जण थांबणार नाहीत. तेव्हापासून भाजी धुवायची स्टीलची जाळीची टोपली पालथी घालून तिच्यावर मशीन ठेवतो. खालून हवा मिळते, आणि तेव्हापासून एकदाही बंद पडलं नाही. टोपली आता गच्चीवरच राहते, त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

काळा रंग काळा दिसत नाही, कळण्याच्या भाकरीसारखा करडा दिसतो. ‘सी.आय.डी.’ (१९५६) मध्ये व्ही. के. मूर्तींचा कॅमेरा आहे, त्यातल्या सावल्या बघताना जीव थोडा हळहळला. गच्चीवरचा दिवा बंद ठेवा आणि चित्र लहान करा, पाच-साडेपाच फुटांपर्यंत, मग बरंच सावरतं. आतल्या काचेवर कुठेतरी धूळ बसली आहे. ‘पाठलाग’मध्ये तो डाग वकिलाच्या कपाळावर बुक्क्यासारखा बसला होता. उघडून पुसणार नाही, वॉरंटीला अजून चार महिने आहेत.

घ्यायचा का? या पैशात घ्या, पण केबल त्याच दिवशी घ्या आणि रिमोट सर्व्हिसला देऊ नका. साडेतीन देता येत नाहीत म्हणून तीन.

मागच्या शनिवारी ‘ड्रेस्ड टु किल’ पुन्हा लावला, केबलवर. मॅडमची वही आणि माझी वही ताडून पाहिली. या वेळी माझ्याकडे एक सूर जास्त निघाला. तो मालगाडीचा होता.