टायटन एज : ३.५ मिमीतलं घड्याळ, वापरून काय वाटलं

टायटन एज रोज वापरतोय आणि आधीच सांगतो, मला हे घड्याळ प्रचंड आवडलंय. फुल शर्टाच्या बाहीचं बटण लावलं तरी अडत नाही, हातात काही घातलंय हेच विसरायला होतं. पण मला लिहायचंय ते इतकं बारीक झालं कसं याबद्दल, कारण मी चाकणला टूल डिझाइनमध्ये, म्हणजे पार्ट काढायचे साचे डिझाइन करायच्या कामात आहे आणि रोज बघतो, स्टायलिंगवाले पार्टचे सुंदर आकार पाठवतात, आम्ही ड्राफ्ट (साच्यातून पार्ट सुटायला लागणारा उतार) नाही म्हणून परत धाडतो, असं चारदा झालं की शेवटी जे बाहेर पडतं ते धड त्यांचं नसतं ना धड आमचं.

एज आलं २००२ साली. टायटनचे तेव्हाचे प्रमुख झर्क्सिस देसाईंनी होसूरच्या कारखान्यातल्या इंजिनिअर लोकांना जगातलं सगळ्यात स्लिम घड्याळ करायला सांगितलं आणि त्यात वर्षं गेली. आकडे बघा ना, अख्खं घड्याळ ३.५ मिमी, आतलं मशीन १.१५ मिमी, म्हणजे काच, डायल, काटे, मागचं झाकण आणि काटे फिरायला मोकळी जागा, सगळं उरलेल्या २.३५ मिमीत! वर ३० मीटर वॉटर रेझिस्टंट. खरी गोम इथेच आहे, काच आणि झाकण पातळ केलं की दाबाने वाकणार, काच काट्याला टेकली की घड्याळ बंद, आणि गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी रिंग) बसवायचं तर तेवढी जाडी हवीच.

सेकंद काटा नाहीये. तो असता तर दोन काट्यांवर अजून एक मजला चढला असता, शिवाय मोटर दर सेकंदाला हलवावी लागली असती, मग छोट्या सेलवर भागलं नसतं. पण बघणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही, त्याला दिसते फक्त शांत, मोकळी डायल. हा निर्णय डिझाइनरचा की इंजिनिअरचा हे वेगळं काढताच येत नाही, आणि आमच्या कामात मला नेमकं हेच हवंय.

३० मीटर म्हणजे हात धुताना, पावसात चालेल, पोहायला नको. सेल बदलायला सर्व्हिस सेंटरलाच द्या, कोपऱ्यावरच्या दुकानात उघडू नका. नाडी मोजायचं काम असेल तर दुसरं घ्या. ऑफिसला, लग्नाकार्याला बिनधास्त घ्या, फक्त एज नावाखाली आता मेकॅनिकल, सिरॅमिक अशी बरीच मॉडेल्स आहेत, जाडी विचारून घ्या.