बागेतले दिवे: सोलर, 12-24 व्होल्ट की थेट 230?

सांगली-मिरजेकडे बंगल्यापुढच्या बागेत दिवे लावायचे म्हटलं की लोक आधी डिझाइन बघतात. ते शेवटी बघा. आधी ठरवायचं ते दिव्यापर्यंत वीज कशी न्यायची, कारण इथली काळी माती उन्हाळ्यात बोटं जातील एवढी भेगाळते, पावसात फुगते आणि पुरलेली वायर दरवर्षी ओढली जाते.

सोलर सगळ्यात सोपं. खोदाई नाही, वायरमन नाही, लाइट गेली तरी चालू. पण आंब्याच्या-चिकूच्या सावलीत पॅनल चार्जच होत नाही, आणि नेमके जुलै-ऑगस्टच्या झडीत, साप-विंचवाची धास्ती असते तेव्हाच, हे दिवे रात्री लवकर मान टाकतात. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, म्हणून ती बदलता येते का ते घेतानाच बघा. लांबच्या कोपऱ्याला सोलर ठीक. पायवाटेसाठी मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

पायवाट, वाफे, लॉन यांना माझी पसंती 12 किंवा 24 व्होल्टला. खुरप्याचा घाव वायरीवर बसला तरी जिवावर बेतत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. माळीदादा आणि पोरं याच मातीत हात घालत असतात. फक्त ड्रायव्हर (230 चे 12-24 व्होल्ट करणारा डबा) आयसोलेटेड, म्हणजे आत 230 ची बाजू दिव्याच्या बाजूला थेट न जोडलेला, आणि चांगल्या प्रतीचा हवा आणि तो भिंतीवर, पावसापासून आडोशाला बसवायचा.

इथे लोक फसतात ते वायरीच्या जाडीत. समजा एकूण 60 वॅटचे दिवे बोर्डापासून 20 मीटरवर आहेत. 12 व्होल्टवर 5 अँपियर लागतात, आणि 1.5 स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन जवळपास अडीच व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. दिवे मंद दिसतात आणि दोष फिटिंगला दिला जातो. त्याच वायरीवर 24 व्होल्टचे दिवे घेतले तर करंट निम्मा होतो आणि घट सव्वा व्होल्टवर येते. बाग लांबट असेल तर सरळ 24 घ्या.

दुसरी दुखरी जागा जॉइंट. जुना जॉइंट उकरून बघा: काळी टेप सुटून चिकट झालेली, आत तांबं हिरवं पडलेलं. टेप गुंडाळून जॉइंट मातीत पुरू नये. जेल भरलेले वॉटरप्रूफ कनेक्टर वापरा, आणि जॉइंटपाशी वायर थोडी सैल सोडा, म्हणजे माती ओढली तरी ताण येत नाही.

230 व्होल्ट गेटच्या खांबावर आणि भिंतीवरच्या फ्लडलाइटला योग्य. उजेड भरपूर, लांबीची अडचण नाही. पण ही लाइन जमिनीतून न्यायची तर आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल, अडीच फूट खोल चर, खाली-वर वाळू, त्यावर विटा आणि मग माती, एवढं सगळं करायची तयारी हवी. फिटिंगला अर्थिंग पाहिजेच, आणि काळ्या मातीत अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. बागेच्या लाइनला स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलिअँपियरची आरसीसीबी लावा. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट सांभाळते, माणसाला शॉक बसताना लाइन तोडते ती आरसीसीबी. एकीचं काम दुसरी करत नाही. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

फिटिंगवरचा आयपी नंबर वाचा, धूळ-पाण्यापासून किती बचाव आहे ते तो सांगतो. भिंतीवर 65 पुरतो. पाणी साचतं तिथे जमिनीतल्या दिव्याला 67, कारंज्यात 68 आणि तोही 12 व्होल्टचाच. रंग 3000 केल्विन किंवा त्याखालचा पिवळसर घ्या, पांढऱ्याफेक उजेडावर पाखरं जास्त जमतात.

कृष्णाकाठी, जिथे 2019 आणि 2021 ला पाणी शिरलं, तिथे ड्रायव्हर आणि स्विच त्या वेळच्या पाण्याच्या खुणेच्या वर बसवा. नदी चढू लागली की बागेची लाइन आधी बंद करा. पाणी ओसरल्यावर वायरमनने इन्सुलेशन तपासल्याशिवाय ती चालू करू नका. आणि एरवी महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ती पडली नाही तर त्याच दिवशी बदलून घ्या.