डब्लिन की बर्लिन?

गंगापूर रोडच्या टपरीवर चहा गार होईपर्यंत भाच्याचं एकच पालुपद: "मामा, मला जर्मन येत नाही. नोकरीला आयर्लंड बरं की जर्मनी?"

आधी भाषा. डब्लिनमध्ये मुलाखत, डॉक्टर, घरमालक, सगळं इंग्रजीत. बर्लिनच्या बऱ्याच कंपन्यांत कामही इंग्रजीत चालतं, पण पोस्टाच्या पेटीत पडणारं पत्र जर्मनच. मी तिथे असताना वीजबिलावर मोबाइल धरून, भाषांतर करून वाचायचो. एकदा मीटर रीडिंगची तारीखच हुकली.

शिरकाव जर्मनीत सोपा. आयर्लंडला आधी ऑफर, मग क्रिटिकल स्किल्स परमिट, म्हणजे तुटवड्याच्या कौशल्यांसाठीचा कामाचा परवाना. जर्मनीत 2024 पासून चान्सेनकार्टेवर, म्हणजे नोकरी शोधायच्या परवान्यावर, वर्षभर राहून नोकरी शोधता येते. त्यासाठी पदवी किंवा व्यावसायिक प्रशिक्षण, थोडं जर्मन किंवा चांगलं इंग्रजी, आणि खर्चाचे पैसे आधी दाखवायचे.

भाड्याचं विचारूच नकोस. डब्लिनमध्ये घर मिळवणं हीच दुसरी नोकरी, बर्लिनही आता स्वस्त राहिलेलं नाही.

आयर्लंडमध्ये साधारण 2 वर्षांनी स्टॅम्प 4 मिळतो, म्हणजे परमिटशिवाय राहून काम करायची मुभा; परमिटची कटकट संपते. जर्मनीत ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चकुशल लोकांच्या कामाच्या परवान्यावर, कायम वास्तव्याला 27 महिने, बी1 म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन असेल तर 21.

हातात ऑफर आहे आणि भाषेचा कंटाळा, तर डब्लिन. ऑफर नाही, पण गाठीला पैसे आहेत आणि संध्याकाळी क्लासला बसशील, तर बर्लिन.