रानकोंबडा म्हणून विकलेली रंगवलेली पिसं आणि माझे ४८०० रुपये

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ मी सहा वर्षं फ्लायवर मासे धरतो. फ्लाय घरीच बांधतो. गळावर दोऱ्याने पिसं गुंडाळून पाण्यातल्या किड्यासारखं आमिष करायचं, एवढंच काम. त्यामुळे पिसं हेच आमचं भांडवल, आणि माझी फसवणूक झाली ती त्यातच.

गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: परदेशी फार्मवरच्या तित्तराची अख्खी कातडी आणि रानकोंबड्याच्या मानेची पिसं, साफ करून वाळवलेली. रानकोंबड्याच्या या पिसांवर मेणासारखे पिवळसर ठिपके असतात. सॅमन माशाच्या जुन्या इंग्लिश फ्लायना डोळा म्हणून तीच लावतात. हा पक्षी आपल्याच सह्याद्रीतला. कोयनेच्या जंगलात पहाटे त्याचं आरवणं मी ऐकलंय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे इथल्या रानकोंबड्याच्या पिसांची खरेदी-विक्री चालत नाही. दुर्मीळ प्राण्या-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस करारातही त्याचं नाव आहे, म्हणजे बाहेरून आणायलाही परवाना हवाच. पण इंग्लंडात तो पाळतात हे ठाऊक होतं, आणि "कागद आहेत दादा, पार्सलात टाकतो" एवढ्यावर मी यूपीआयने ४८०० रुपये पाठवले. कागद आधी मागायला हवे होते. ही चूक माझी.

पार्सल आलं, कागद नव्हते. थोडा वास येत होता, पण पावसाळी हवा आहे म्हणून सोडून दिलं आणि पाकिटं माझ्या पिसांच्या डब्यात ठेवली. तीन आठवड्यांनी डबा उघडला तर तळाशी वाळूसारखी भुकटी आणि केसाळ अळ्यांनी टाकलेली कात. कसर लागली होती. आजोळच्या तांबड्या गावठी कोंबड्याची मानेची पिसं मी चार वर्षं जपली होती, त्यांचे नुसते देठ उरले. पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

मग आलेला माल नीट तपासला. कातडी आतून बोथट सुरीने खरवडून चरबी पूर्ण काढावी लागते, मग बोरॅक्स चोळून, पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवतात. वाळलेली कातडी पुठ्ठ्यासारखी कडक होते. ही बोटाला चिकटत होती, कडेला पिवळी चरबी तशीच होती, आणि अळ्या तिथेच होत्या. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा थेंब टाकून पिसं बुडवली, पाणी चहासारखं झालं. तित्तराच्या पिसाला बुडाशी करडी लव असते, नक्षी वर टोकाकडे. इथे बुडापासून टोकापर्यंत एकच तपकिरी रंग, आणि रेघा फक्त एका बाजूला, मार्करने मारलेल्या. ब्रॉयलरची पिसं होती ती. रानकोंबड्याचा खरा ठिपका पिसाचाच कडक झालेला भाग असतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. माझ्याकडचा ठिपका पीस वाकवताच पापुद्र्यासारखा सुटला. नेलपॉलिश होतं.

विकणाऱ्याला फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुम्ही रानकोंबडा विकत घेतलाय. पोलिसात गेलात तर आधी तुम्हीच आत जाल." त्याचा सगळा धंदा याच भीतीवर चालतो, हे तेव्हा कळलं. दोन रात्री मी झोपलो नाही. शेवटी ओळखीच्या वकिलांना पिसं दाखवली. ते म्हणाले, "अहो, ही कोंबडीची आहेत. तुम्हाला फसवलंय, तसंच जाऊन सांगा." सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, बोलण्याचे स्क्रीनशॉट दिले. पण हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, म्हणजे रक्कम खात्यातच अडवता येते. मी महिना घालवला होता. पैसे अजून आलेले नाहीत.

तित्तराच्या जागी आता पाळीव गिनी फाउलची ठिपक्यांची पिसं वापरतो, मासा तेवढ्याच जोरात घेतो. बाकी गावठी कोंबडा. कुणीही दिलेली पिसं आली की हवाबंद पिशवीत घालून आधी आठवडाभर फ्रीजरमध्ये, एक दिवस बाहेर, पुन्हा आठवडाभर आत. मग धुऊन, पंख्याखाली वाळवून, चपटी झालेली असतील तर किटलीच्या वाफेवर धरायची. मिरजेतल्या कोंबडीवाल्या मामांनी परवा काळ्या-पांढऱ्या कोंबड्याची मान बाजूला काढून ठेवली होती. ती आत्ता फ्रीजरमध्ये आहे, पुढच्या रविवारी बाहेर काढेन.