जिनेव्हात खटला लढवायचा: खासगी फर्म की सल्ला केंद्र?

व्यापार कायदा शिकणाऱ्या एका भाचीने विचारलं, "मामा, गरीब देशाने डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, वकील कुठला करावा?" पर्याय दोनच: बडी खासगी लॉ फर्म, किंवा २००१ मध्ये जिनेव्हात सुरू झालेलं डब्ल्यूटीओ कायदा सल्ला केंद्र.

खर्चाचं आधी. जिंकलात तरी वकिलाची फी समोरच्याकडून मिळत नाही, मागच्या नुकसानीची भरपाईही सहसा नाही. म्हणजे फीचा प्रत्येक फ्रँक स्वतःच्या खिशातला. फर्म बाजारभावाने तासाचे पैसे लावते. केंद्र सवलतीत लढतं आणि अल्पविकसित देशांना सर्वात स्वस्त दर देतं. २००४ मध्ये बांगलादेशने याच केंद्राच्या मदतीने, भारताने त्यांच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर लावलेल्या अँटी-डम्पिंग शुल्काविरुद्ध (परका माल पडत्या भावात विकला जातोय म्हणून बसवलेला जादा कर) तक्रार केली. वाद ऐकून निकाल देणारं पॅनेल बसायच्या आधीच भारताने शुल्क उठवलं. आपण हरलो म्हणा हवं तर, पण मला त्या छोट्या शेजाऱ्याचं कौतुकच वाटतं.

फर्मचं बळ मनुष्यबळात. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने खासगी वकील घेतले, खर्चाला तिथले कापूस उत्पादकही पुढे आले. अनुदानाचे आकडे वर्षानुवर्षं उकलायला असा फौजफाटा लागतोच.

एक अडचण: समोरचा देशही केंद्राचा सदस्य असेल आणि त्याने आधी मदत मागितली असेल, तर तुम्हाला बाहेरचा वकील घ्यावा लागतो.

एकाच मालावरचं शुल्क, कायद्याचा सरळ मुद्दा, तिजोरी लहान: केंद्र. पाठीशी श्रीमंत उद्योग आणि पुरावा अर्थशास्त्राचा: फर्म.